तोतयांची बंडे, जुनी आणि नवी

मराठी भाषेत 'तोतया' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचे रूप आणि त्यासोबत दुसऱ्याचा अधिकार अंगावर घेऊन वावरणारा तो तोतया. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा व आवाज हुबेहूब उतरवून, त्याने जन्मात उच्चारली नाहीत अशी वाक्ये त्याच्या तोंडी घालण्याची जी विद्या निघाली आहे, तिला डीपफेक असे नाव पडले आहे. नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. अडीचशे वर्षांपूर्वी अशाच एका उसन्या चेहऱ्याने पेशव्यांचे कोकण हलवून सोडले होते. त्या प्रकरणापासून आरंभ करून आपणांस आज खानदेशापर्यंत यावयाचे आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला आणि सदाशिवरावभाऊ त्या रणात नाहीसे झाले. 'नाहीसे झाले' असे मी मुद्दाम म्हणतो. कारण ते नेमके कोठे व कसे पडले याविषयी सर्वांची खात्री पटेल अशी वार्ता दक्षिणेत आली नाही. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेस निघाले होते. त्यांना पराभवाची बातमी कळली ती वाटेत, एका सावकाराच्या पत्रातून. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर पती गेला असे मानण्याचेच नाकारले आणि सौभाग्याची चिन्हे उतरविली नाहीत. एका घरातील ही आशा होती आणि ती सबंध राज्यातही थोड्याफार प्रमाणात पसरलेली होती. पानिपतावरून आपला माणूस परत येईल म्हणून वाट पाहणारी घरे महाराष्ट्रात काही थोडी नव्हती.

अशा वेळी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण उत्तरेत प्रकट झाला आणि आपणच भाऊ आहो असे सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला पकडून चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण येथे संपावयास हवे होते. परंतु पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले, आणि राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय केला. १७७६ साली पुरंदरचा तह होतो न होतो तोच रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी आपल्या ताब्यातील या कैद्यास मोकळे केले आणि त्याच्या नावाने बंड उभे राहिले. कोकणातील किल्ले भराभर त्याच्या स्वाधीन झाले. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो पळून कुलाब्याकडे गेला, तेथे आंगऱ्यांनी त्यास धरून पुण्यास पाठविले, पुन्हा पंचांपुढे चौकशी झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यास देहांत शासन मिळाले. या विषयावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते वाचलेली वा पाहिलेली जुनी मंडळी पुष्कळ असतील.

या हकिगतीत मला दोन गोष्टी विशेष वाटतात. एक अशी की, एकदा खोटा ठरलेला मनुष्य दहाबारा वर्षांनी पुन्हा खरा होऊ शकला. त्याचे रूप बदलले नव्हते आणि त्याच्याविरुद्धचा पुरावाही नष्ट झाला नव्हता. बदलले होते ते राजकारण. कोणास तरी त्या चेहऱ्याचा उपयोग होता. दुसरी गोष्ट अशी की, त्या तोतयाला देह होता. तो रत्नागिरीस असला की पुण्यास नसे. त्याला धरता येत होते, ओळखीच्या माणसांसमोर उभे करता येत होते, घरातल्या खाणाखुणा विचारता येत होत्या. पंचांना चौकशीसाठी वेळ मिळत असे, कारण बंडालाही घाट चढावयास वेळ लागत असे.

पानिपताच्या काळातली अस्सल पत्रे प्रथम छापून लोकांपुढे ठेवली ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो याच पत्रांचा. पुढे ते धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी दारोदार हिंडून मिळविलेल्या कागदांची तेथे जपणूक सुरू झाली. राजवाड्यांचा स्वभाव तापट होता, त्यांचे पुष्कळ सिद्धांत आज टिकलेले नाहीत, हे सर्व खरे. पण बखर कितीही रसाळ असली तरी ती घटनेनंतर किती वर्षांनी, कोणी आणि कोणासाठी लिहिली हे विचारल्यावाचून तिच्यावर विसंबू नये, आणि ज्या कागदाचा लेखक, दिवस व ठिकाण ठरविता येत नाही त्याच्यावर भार टाकू नये, ही शिस्त त्यांनी मराठी वाचकाला लावली. जळगावच्या सराफ बाजारात सोने कसाला लावल्यावाचून कोणी पदरात घेत नाही. राजवाड्यांनी तोच कस कागदाला लावला एवढेच.

१९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. त्यांपैकी पश्चिमेच्या भागातून पुढे नंदुरबार वेगळा निघाला. ज्या धुळे जिल्ह्यात कागदाची ही कसोटी वाढली, त्याच जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला, डोंगरकपारीत राईनपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि राईनपाड्यास आठवड्याचा बाजार भरला होता. एस.टी.च्या गाडीतून पाच माणसे तेथे उतरली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या बाजूची. भिक्षा मागत मुलूखभर हिंडावयाचे हा या समाजाचा पिढीजात क्रम. त्यांपैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला असे पुढे पोलिसांनी सांगितले. मुले पळविणारी टोळी आली अशी हाक उठली. जमावाने त्या पाचही जणांना मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले आणि तेथे, कोंडलेल्या खोलीत, काठ्या, दगड व हाती लागेल त्या वस्तूने त्यांचा जीव जाईपर्यंत मारले. त्या मारण्याचेही चित्रण भोवतालच्या लोकांनी आपापल्या दूरध्वनीवर केले. पोलिसांनी पुढे वीसहून अधिक जणांना अटक केली.

आता विचारावयाचे ते हे की, ही टोळीची कल्पना त्या डोंगरात आली कोठून? मागील कित्येक आठवडे खानदेशात, किंबहुना झारखंडापासून तमिळनाडूपर्यंत, व्हॉट्सअॅपवरून काही चित्रे हातोहात फिरत होती. त्यांतले एक चलच्चित्र असे: गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून भरधाव निघून जातात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असे ते दृश्य आहे. ते मुळात कराचीचे होते. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने, पालकांनी सावध राहावे म्हणून, २०१६ साली ते मुद्दाम तयार करविले होते. मूळ चित्रात पुढे तेच मोटारसायकलवाले परत येतात, मूल सुखरूप उतरवून ठेवतात आणि हातात एक फलक धरून पालकांना इशारा देतात. एवढा शेवटचा तुकडा कोणी तरी कापला होता. बाकी काहीही बदलले नव्हते. दुसरे एक चित्र होते ओळीने निजविलेल्या निष्प्राण बालकांचे. तेही खरेच होते. परंतु ती बालके २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियातील घौटा येथे विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली होती. त्याखाली मजकूर मात्र आपल्याकडच्या टोळ्यांचा होता.

म्हणजे राईनपाड्याच्या हत्येस कारण झालेल्या गोष्टींत यंत्राने रचलेला एकही चेहरा नव्हता. एक चित्र कापलेले आणि एक आपल्या जागेवरून उपटून दुसरीकडे लावलेले, एवढ्यावर पाच माणसे गेली. डीपफेकच्या भयाने आज जे घाबरे झाले आहेत, त्यांनी हे आधी नीट लक्षात घ्यावयास हवे. चित्र अस्सल असणे ही एक गोष्ट झाली आणि ते ज्याचे म्हणून सांगितले जाते त्याचेच असणे ही दुसरी. राजवाड्यांच्या भाषेत बोलावयाचे तर कागद अस्सल होता, पण त्याची तारीख, ठिकाण आणि लेखक यांवर कोणी बोळा फिरविला होता.

हे वाचून, अडाणी पाड्यावरचे लोक, त्यांना काय कळते, असा विचार शहरातील सुशिक्षित घरांत येणे शक्य आहे. तो विचार फार काळ टिकणारा नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिऊ लागल्याची वार्ता दिल्लीहून निघाली आणि दिवस मावळण्यापूर्वी ती देशभर, इतकेच नव्हे तर समुद्रापलीकडच्या हिंदू वस्त्यांतही, पोचली. तिची वाहने होती घराघरांतील दूरध्वनी, आणि त्या काळी दूरध्वनी कोणाच्या घरी होते हे सांगावयास नकोच. भांडी घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांत पदवीधर मुबलक होते. त्यात कोणाचा जीव गेला नाही, म्हणून आपण ते कौतुकाने आठवतो. त्याही पूर्वी, इतक्या जणांना नक्कल करून पाठवा, न पाठवाल तर अनर्थ ओढवेल, अशी धमकी देणारी देवादिकांची पोस्टकार्डे आपल्या घरी येत, आणि विश्वास नसलेली माणसेही 'उगीच कशाला' म्हणून ती पुढे धाडीत. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात चपात्या फिरल्या, त्यांची रीत हीच होती: एका गावच्या चौकीदाराने चपाती आणावयाची, दुसऱ्याने तशाच आणखी भाजून पुढच्या गावांना पोचवावयाच्या. तिचा अर्थ काय हे नेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांनी तपास केला, पण मूळ कोठले हे निर्विवादपणे ठरविता आले नाही. 'पुढे पाठवा' ही आज्ञा मजकुराहून बलवान असते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

व्हॉट्सअॅपने या जुन्या रीतीत एका गोष्टीची भर घातली. चपाती आणणारा चौकीदार परका असे. येथे चित्र येते ते भावाकडून, मावशीकडून, शाळेतल्या मित्राकडून. मजकुराच्या कर्त्याचा पत्ता नसतो, पण आणून देणाऱ्याचा चेहरा ओळखीचा असतो, आणि आपण विश्वास ठेवतो तो त्या चेहऱ्यावर. राईनपाड्यास ओळखीच्या माणसांनी पाठविलेले खोटे चित्र खरे ठरले आणि समोर उभी असलेली पाच खरी माणसे, केवळ ती ओळखीची नव्हती म्हणून, खोटी ठरली. हा योग विलक्षण क्रूर आहे. डवरी गोसावी हे ज्या वाद्यावरून ओळखले जातात तो डौर घेऊन, भैरवनाथाची गाणी म्हणत, त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरत आले. परक्या गावी जाऊन ओळख नसता दारात उभे राहणे हाच ज्यांचा चरितार्थ, त्यांच्यावरच ही धाड पडावी!

त्याच रात्री, धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात, याच संशयावरून जमावाने एका भटक्या कुटुंबाला घेरले होते. त्यांच्यात दोन वर्षांचे मूलही होते. तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेऊन दार लावले, पोलीस वेळेवर आले, आणि पाचही जीव वाचले. जमाव तसाच होता, चित्रे तीच होती, आणि दोन ठिकाणांमध्ये अंतरही फार नव्हते. एका दारामागे जो थोडा वेळ मिळाला, त्याने सगळा फरक पडला.

वेळेचे हे महत्त्व त्या कंपनीच्याही ध्यानात आले. राईनपाड्यानंतर दहा दिवसांच्या आत दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन लोकांना सावध करण्यात आले, आणि त्याच महिन्यात भारतापुरते एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविणे बंद करण्याची योजना जाहीर झाली. पुढे ही मर्यादा सर्व जगाला लावली गेली. १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयानेही जमावाच्या हत्यांविषयी प्रत्येक जिल्ह्यास बंधनकारक असे निर्देश दिले. खोट्याला मुळात अटकाव करणे कोणालाच साधले नाही. त्याची चाल तेवढी थोडी मंद झाली. मला हे उपाय क्षुल्लक वाटत नाहीत. बोरघाटही तोतयाला अडवीत नव्हता, उशीर मात्र लावीत होता.

आता यंत्राकडे वळू. २०१४ साली अमेरिकी संशोधक इयन गुडफेलो याने एक युक्ती मांडली, तिचे स्वरूप मोठे मौजेचे आहे. संगणकात दोन कर्ते कल्पावयाचे. एकाने खोटे चित्र रचावयाचे, दुसऱ्याने ते खरे की खोटे हे ओळखावयाचे. पकडला गेला की पहिला सुधारतो. फसला की दुसरा सुधारतो. अशा लक्षावधी फेऱ्या झाल्या म्हणजे रचणारा इतका पटाईत होतो की ओळखणारा हात टेकतो. तोतया आणि पंच यांना एकाच खोलीत कोंडून पंचांकडूनच तोतयाला शिकविण्याचा हा प्रकार. पुढे याहून निराळ्या व सोप्या रीती निघाल्या, आणि आज आवाजाची नक्कल करावयास त्या माणसाचे थोडेसे बोलणे हाती असले म्हणजे पुरते. पुढाऱ्यांची भाषणे तर सर्वांना फुकट उपलब्ध असतात.

आपल्या देशातील निवडणुकीत हे यंत्र प्रथम ठळकपणे दिसले ते २०२० च्या फेब्रुवारीत, दिल्लीत. आणि तेही संमतीने. भारतीय जनता पक्षाचे नेते मनोज तिवारी यांच्या एका चित्रफितीवरून, त्यांनी न केलेली हरियाणवी व इंग्रजी भाषणे तयार करण्यात आली. ती सुमारे ५,८०० व्हॉट्सअॅप गटांत गेल्याचे पक्षाच्या माणसांनीच सांगितले. २०२४ च्या एप्रिलमध्ये गृहमंत्री अमित शहा यांचे तेलंगणातील भाषण आरक्षणाविषयीच्या वाक्यांत कापून, त्याचा अर्थ फिरवून प्रसृत झाले. काँग्रेसच्या काही मंडळींनी ते पुढे पाठविल्यावरून गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या. तेथे यंत्राची गरजही पडली नव्हती, कात्री पुरली. मग त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या सायंकाळी, खासदार सुप्रिया सुळे व काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्या म्हणून काही ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाने प्रसिद्ध केल्या. बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा आरोप त्यांत होता. सुळे यांनी तो आवाज आपला नव्हे असे सांगून तक्रार केली, आणि 'बूम' या पडताळणी करणाऱ्या संस्थेने तपासणीच्या साधनांवरून, त्यांतील बहुतेक फिती यंत्रनिर्मित असण्याचा संभव वर्तविला. तोवर मतदान उजाडले होते.

येथे पक्षापेक्षा मला वेळ महत्त्वाची वाटते. १९२४ साली इंग्लंडात रशियन नेता झिनोव्हिएव याच्या नावाचे बनावट पत्र 'डेली मेल'ने मतदानाच्या चार दिवस आधी छापले. २०२३ च्या सप्टेंबरात स्लोव्हाकियात एका पुढाऱ्याची बनावट ध्वनिफीत पसरली ती मतदानापूर्वी दोन दिवस, प्रचारबंदी असताना, म्हणजे खुलासा छापणेही अवघड अशा घटकेस. खोट्याला दीर्घायुष्य नकोच असते. त्याला ठरावीक दोन दिवस मिळाले की पुरे. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी पक्षांना बजावले की, अशी बनावट सामग्री नजरेस आणून दिल्यापासून तीन तासांत काढून टाकावी. तीन तास हा अवधी सरकारी हिशेबात फार थोडा आहे. राईनपाड्याच्या बाजारात तो फार झाला असता.

आणि या विद्येचा दुसरा एक परिणाम आहे, तो मला पहिल्याहून घातक वाटतो. तोतया होऊन गेल्यावर खरे भाऊ जरी परत आले असते, तरी त्यांना कोणी ओळखले असते काय? ज्याचे खरोखरीचे दुष्कृत्य चित्रफितीत सापडले आहे, तो मनुष्य आता शांतपणे म्हणू शकतो की हे यंत्राचे काम आहे. खोटे पकडण्याची चिंता सर्वांनी वाहिली. पण खरे खरे म्हणून सिद्ध करण्याचा खर्च कोण सोसणार? मोठ्या पुढाऱ्यापाशी वकील असतात, तपासणीच्या संस्था असतात, वर्तमानपत्रे असतात. गावच्या सरपंचबाईचा, शाळेतल्या शिक्षकाचा किंवा पालावर राहणाऱ्या भटक्याचा आवाज कोणी रचला, तर त्यांच्यापाशी 'तो मी नव्हे' या तीन शब्दांपलीकडे काय आहे?

१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे झाली त्याच तारखेस, जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात जमावाने केलेल्या खुनाची प्रथमच वेगळी गणना आहे. पाच वा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर त्या प्रत्येकास देहांत वा जन्मठेप. जुन्या गुन्ह्यांना हे कलम लागत नाही. पण पुढे असा प्रसंग आला, आणि मारला गेलेला मनुष्य केवळ ओळखीचा नव्हता एवढ्याचसाठी मारला गेला असेल, तर ते कारण त्या यादीतील 'तत्सम' या एका शब्दात बसते किंवा कसे, याचा निर्णय न्यायालयास करावा लागेल.